मायग्रेन आणि एडीएचडी यांचा संबंध

मायग्रेन म्हणजे घरात जिला अर्धशिशी म्हणतात ती, आणि एडीएचडी म्हणजे लक्ष एका जागी न टिकणं, सतत अस्वस्थ असणं, विचार करायच्या आधीच कृती होऊन जाणं. हे दोन्ही मेंदूशी संबंधित त्रास आहेत आणि एकाच माणसात दोन्ही असायचं प्रमाण निव्वळ योगायोगाने असेल त्याहून जास्त आहे. एकामुळे दुसरं होतं असं काही सिद्ध झालेलं नाहीये. पण ज्याला एक आहे त्याला दुसऱ्याबद्दल साधं विचारलंही जात नाही, ही खरी अडचण आहे, कारण डोकं दुखतं म्हणून माणूस न्यूरॉलॉजिस्टकडे जातो आणि लक्ष लागत नाही म्हणून, गेलाच तर, सायकॅट्रिस्टकडे, आणि त्या दोन फायली एका टेबलावर कधी येतच नाहीत.

मायग्रेनचा अटॅक मोठ्या माणसात औषध न घेतल्यास ४ ते ७२ तास चालतो, बहुतेकदा डोक्याच्या एका बाजूला, ठणके मारत, जिना चढला तरी वाढणारा, सोबत मळमळ किंवा उलटी, उजेड नको, आवाज नको. काहींना दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसतात, त्याला ऑरा म्हणतात. लहान मुलांत अटॅक कमी वेळ चालतो आणि पुष्कळदा सगळं कपाळ दुखतं, त्यामुळे तो ओळखूच येत नाही. एडीएचडीचं निदान करताना लक्षणं वयाच्या १२ वर्षांच्या आधीपासून होती का आणि घर, शाळा, ऑफिस अशा किमान दोन ठिकाणी दिसतात का हे बघतात. जगात साधारण ५ टक्के मुलांना आणि अडीच टक्क्यांच्या आसपास मोठ्यांना एडीएचडी असतो. मायग्रेन त्याहून कितीतरी जास्त, जगात साधारण सातातल्या एकाला, आणि २०१५ मध्ये आलेल्या कर्नाटकातल्या पाहणीत तर वर्षभरात दर चारातल्या एका माणसाला मायग्रेन झालेलं आढळलं.

पुण्यात हे दोन्ही त्रास भलत्याच खात्यात जमा होतात. मायग्रेन असलं की "पित्त झालंय", उलटी झाल्यावर डोकं उतरतं म्हणजे पित्तच असणार, असा हिशोब. मग घशात बोटं घालून उलटी काढायची, सुंठ उगाळून कपाळावर लेप द्यायचा, ओढणी करकचून बांधून पडदे ओढून पडायचं. नाहीतर चष्म्याचा नंबर वाढला असेल, नाहीतर सायनस असेल. खरं म्हणजे अटॅकमध्ये पोटाचं काम मंदावतं, मळमळतं, आणि उलटीनंतर हलकं वाटणं हे मायग्रेनमध्ये नेहमीचंच आहे. एडीएचडीचंही तसंच, मुलगा असेल तर "चळवळ्या आहे, मोठा झाला की सुधारेल", मुलगी असेल तर "वेंधळी आहे", आणि दोघांनाही "हुशार आहे हो, पण मन लावून करत नाही". ज्या मुली दंगा करत नाहीत, नुसत्या खिडकीबाहेर बघत बसतात, त्यांचं निदान कधीकधी तिशीनंतर होतं, आणि मायग्रेनही वयात आल्यावर बायकांमध्ये पुरुषांच्या साधारण तिप्पट असतं. म्हणजे दोन्ही त्रास असूनही दोन्हींचं नाव माहीत नाही अशा बायका आपल्या आसपास नक्की असणार, आणि त्यांच्याबद्दल मला सगळ्यात जास्त वाटतं.

आता पुरावा काय आहे ते बघू. २०१८ मध्ये डेन्मार्कमधल्या २६ हजारांवर रक्तदात्यांचा अभ्यास आला, त्यात मायग्रेन असणाऱ्यांमध्ये एडीएचडी असायची शक्यता सुमारे १.८ पट निघाली, आणि वय वाढेल तसा आणि बायकांमध्ये हा संबंध जास्त ठळक होता. त्याच वर्षी बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा आला, त्यात ही वाढ १.३ पटीच्या आसपास होती, म्हणजे मामला बेताचा आहे, पण लक्ष देण्यासारखी गोष्ट अशी की हा संबंध मायग्रेनशी दिसला, नेहमीच्या ताणाच्या डोकेदुखीशी नाही. तिसरी गोष्ट जनुकांची. २०१८ मध्येच "सायन्स" नियतकालिकात मेंदूच्या बऱ्याच आजारांची जनुकीय तुलना छापून आली, त्यात मायग्रेन आणि एडीएचडी यांच्या अनुवंशिक धोक्याचा काही भाग सामाईक निघाला. नैराश्याशीही मायग्रेनचं असंच नातं निघालं, तेव्हा फक्त या दोघांचंच काही खास गुपित आहे असं समजू नये.

कारणांमध्ये पहिलं नाव डोपामिनचं, म्हणजे मेंदूत निरोप पोचवणाऱ्या एका रसायनाचं, घेतलं जातं. एडीएचडीत डोपामिन आणि तसंच दुसरं रसायन नॉरअॅड्रेनालिन यांचं काम वेगळ्या पद्धतीने चालतं, आणि मेथिलफेनिडेटसारखी औषधं त्यांचं प्रमाण वाढवतात. मायग्रेनमध्ये दुखणं सुरू व्हायच्या काही तास आधी, कधी आदल्या दिवशीच, एकामागून एक जांभया येतात, चिडचिड होते, लक्ष लागत नाही, आणि या जांभयांमागे आणि मळमळीमागे डोपामिनचा हात असावा असं मानतात. अटॅकमध्ये देतात त्या मेटोक्लोप्रामाइड, डॉम्पेरिडोन या गोळ्या डोपामिनला अडवणाऱ्याच आहेत. सगळं कोडं अजून सुटलेलं नाही, पण धागा इथे कुठेतरी आहे.

मला स्वतःला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो रोजच्या दिवसाचा भाग, कारण त्यात आपण काहीतरी करू शकतो. मायग्रेनवाल्या मेंदूला बदल सोसत नाही, जेवण, झोप, पाणी, चहा सगळं वेळच्या वेळी लागतं, आणि एडीएचडीत नेमकं तेच जमत नाही. समजा हिंजवडीत काम करणारी एक मुलगी आहे. रात्री अमेरिकेचा कॉल संपल्यावर मोबाईल बघत दोन वाजतात, सकाळी उशिरा उठून गाडीची किल्ली शोधण्यात नाश्ता राहतो, ऑफिसला एकदा कामात डोकं घातलं की तीन तास भान नसतं, डबा बॅगेत तसाच, पाण्याची बाटली सकाळी भरली तेवढीच भरलेली, मधे टपरीवर दोन-तीन चहा. साडेचारला डाव्या डोळ्यामागे ठणका सुरू होतो आणि मग परतीच्या ट्रॅफिकमध्ये समोरून येणारे हेडलाइट. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांना सांगते की उन्हाचा त्रास झाला. त्यात श्रावणातले उपवास आले, गणपतीत ढोल-ताशा आणि लायटिंग आलं, की आणखी भर. आवाज आणि उजेड जास्त टोचणं हे एडीएचडीतही बऱ्याच जणांना असतंच.

निदानात एक घोळ मात्र टाळायला हवा. अटॅकच्या आधी आणि नंतर डोकं जड, शब्द आठवत नाही, काही सुचत नाही असं होतं, आणि महिन्यातून दहा-बारा अटॅक येत असतील तर ते एडीएचडीसारखं दिसू शकतं. फरक असा की मायग्रेनचं सुचत नाहीपण अटॅकबरोबर येतं-जातं, आणि एडीएचडी चौथीच्या प्रगतिपुस्तकावरच्या शेऱ्यातसुद्धा सापडतो. म्हणून जुनी प्रगतिपुस्तकं असतील तर तपासणीला जाताना बरोबर न्यावीत. पुण्यात सायकॅट्रिस्ट किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ही तपासणी करतात, ससूनमध्ये मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. आणि हेही सांगायलाच हवं की अचानक उठलेली आयुष्यातली सगळ्यात भयंकर डोकेदुखी, तापाबरोबर मान आखडणं, हात किंवा पाय लुळा पडणं, किंवा लहान मुलाला रोज सकाळी उठल्याउठल्या डोकं दुखून उलटी होणं, यात मायग्रेन म्हणून घरी थांबायचं नाही, लगेच हॉस्पिटल गाठायचं.

औषधांची एकमेकांत गुंतागुंत होते. मेथिलफेनिडेट आणि अॅटोमॉक्सेटिन या एडीएचडीच्या दोन्ही औषधांनी काही जणांचं डोकं दुखतं, शिवाय भूक मरते, मुलाचा डबा शाळेतून भरलेला परत येतो आणि संध्याकाळी मुलगा डोकं धरून बसतो, तेव्हा गोळीला दोष द्यायच्या आधी डबा उघडून बघावा. काही जणांना उलट एडीएचडीचं औषध सुरू झाल्यावर दिवसाला शिस्त लागून अटॅक कमी झाल्यासारखेही वाटतात. मायग्रेन टाळायला देतात त्यातलं टोपिरामेट काहींना शब्द आठवू देत नाही, विचार मंद करतं, आणि आधीच लक्षाचा प्रश्न असलेल्या माणसाला हे फार जड जातं, म्हणून डॉक्टरला एडीएचडीबद्दल आधीच सांगावं. रोज घ्यायची गोळी विसरणं हा तर पाचवीला पुजलेला प्रश्न. आणि विसरलं की अटॅक, अटॅक आला की मेडिकलमधून सॅरिडॉन. साधी पेनकिलर महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि कॉम्बिनेशनच्या (एकात दोन-तीन औषधं असलेल्या) गोळ्या किंवा ट्रिप्टान (खास मायग्रेनच्या अटॅकवरची औषधं) १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. सॅरिडॉनमध्ये पॅरासिटामॉल, प्रोपिफेनाझोन आणि कॅफिन असं तिन्ही आहे, म्हणजे ती दहा दिवसांच्या हिशोबात येते.

डॉक्टर डोकेदुखीची डायरी लिहायला सांगतात, पण एडीएचडीवाल्या माणसाकडून ती चार दिवसांवर चालत नाही, यात त्याचा आळस नसतो. त्यापेक्षा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुखलं त्या तारखेला फुली आणि गोळी घेतली तर फुलीभोवती गोल, एवढंच करावं, पाळीच्या तारखाही तिथेच, आणि राहिलं तर घरातल्या कुणीतरी करावं. जेवणाचे आणि पाण्याचे अलार्म मोबाईलवर लावावेत, रोजची गोळी टूथब्रशशेजारी ठेवावी. अपॉइंटमेंटला जायच्या आधी मागच्या तीन महिन्यांच्या पानांचे फोटो काढून न्यूरॉलॉजिस्ट आणि सायकॅट्रिस्ट दोघांनाही दाखवावेत, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं, सॅरिडॉनसकट, दोघांनाही सांगावीत.