युगोस्लाव्हियाचा राष्ट्रीय फुटबॉल संघ

सर्ब, क्रोएट, स्लोव्हेन, बोस्नियन, मॅसेडोनियन आणि माँटेनेग्रिन खेळाडूंचा हा संघ १९२० ते १९९२ या काळात खेळला. पहिलाच सामना अँटवर्प ऑलिंपिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाकडून ०-७ असा गमावला. मात्र १९३० च्या पहिल्या विश्वचषकात त्याने ब्राझीलला २-१ ने हरवून उपांत्य फेरी गाठली, तीही क्रोएट खेळाडूंविना. फुटबॉल महासंघाचे मुख्यालय क्रोएशियातील झाग्रेबहून सर्बियातील बेलग्रेडला हलवल्यामुळे त्यांनी बहिष्कार घातला होता. पुढे देश फुटला, त्याची बीजे इतकी जुनी आहेत.

ऑलिंपिकमध्ये १९४८, १९५२ आणि १९५६ अशी सलग तीन रौप्यपदके व १९६० मध्ये सुवर्ण मिळाले. भारतीय वाचकांना मेलबर्नचा १९५६ चा उपांत्य सामना आठवावा. मूळचे गोव्याचे आणि मुंबईत कॅल्टेक्सकडून खेळणारे नेव्हिल डिसूझा यांनी उत्तरार्धात गोल करून भारताला आघाडी मिळवून दिली होती. युगोस्लाव्हियाने नंतर सामना ४-१ ने जिंकला. युरोपीय स्पर्धेत मात्र १९६० आणि १९६८ असे दोन्ही अंतिम सामने हातचे गेले.

संघाची शेवटची पिढी बहुधा सर्वांत गुणी होती. जून १९९० मध्ये झाग्रेबला नेदरलँड्सविरुद्धच्या सराव सामन्यात प्रेक्षकांनी स्वतःच्याच राष्ट्रगीताची हुर्यो उडवली. त्याच महिन्याच्या अखेरीस फ्लोरेन्सला विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात हाच संघ अर्जेंटिनाशी भिडला. अर्ध्या तासातच सबानाजोविचला लाल कार्ड मिळाले, तरी उरलेल्या दहा जणांनी जादा वेळ संपेपर्यंत एकही गोल होऊ दिला नाही. पेनल्टीत गोलरक्षक इव्हकोविचने खुद्द मॅराडोनाचा फटका अडवला. पण स्टोइकोविचचा चेंडू आडव्या दांडीवर आदळला, ब्र्नोविच आणि हाजीबेगिच यांचे फटके अर्जेंटिनाचा गोलरक्षक गोयकोचेआने रोखले आणि निकाल २-३ लागला. या संघाचा हा अखेरचा विश्वचषक सामना.

१९९२ च्या युरोपीय स्पर्धेच्या पात्रता गटात संघ डेन्मार्कच्या वर, पहिला आला. तोवर क्रोएट आणि स्लोव्हेन खेळाडू बाहेर पडले होते. प्रशिक्षक इव्हित्सा ओसिम बोस्नियाची राजधानी साराजेव्होचे. युद्धात शहराला वेढा पडलेला आणि त्यांची पत्नी आतच अडकलेली. २३ मे रोजी त्यांनी राजीनामा दिला. साराजेव्होसाठी आपल्याला करता येण्याजोगी हीच एक गोष्ट आहे, असे ते म्हणाले. आठवड्याभरात या युद्धामुळे युगोस्लाव्हियावर संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध आले आणि स्वीडनमध्ये पोहोचलेल्या संघाला परत पाठवण्यात आले. जागा मिळाली डेन्मार्कला, आणि डेन्मार्कने ती स्पर्धा जिंकली.

युगोस्लाव्हियाचे विक्रम फिफा आज सर्बियाच्या खाती धरते.