प्रत बाहेर ठेवायची की डिस्कमध्येच?

घरच्या कॉम्प्युटरसाठी ‘इमेज (म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलमध्ये भरलेली प्रत) काढणारं भरवशाचं सॉफ्टवेअर कोणतं’ असं कुणी विचारलं की मी आधी उलट प्रश्न करतो: भीती कशाची आहे, विंडोज बिघडण्याची की डिस्क मरण्याची? बहुतेकांना दोन्हींची असते आणि एकाच सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही भागावं अशी इच्छा असते. पण ही दोन कामं वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या अडचणींतून सोडवली आहेत. दोन्हीकडे बटणावर ‘रिस्टोअर’च लिहिलेलं असतं, म्हणून गोंधळ होतो. एका घराण्यात डिस्कची प्रत डिस्कबाहेर जाते. दुसऱ्यात जुनी अवस्था त्याच डिस्कच्या एका कोपऱ्यात जपून ठेवलेली असते. हातातलं सॉफ्टवेअर कुठल्या घराण्यातलं हे कळलं की निम्मी निवड तिथेच होते.

पहिलं घराणं जुनं. युनिक्समधली डीडी ही आज्ञा १९७०च्या दशकातली. ती डिस्क पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कचा सर्वांत लहान कप्पा) शेवटच्या सेक्टरपर्यंत आंधळेपणानं वाचते आणि जशीच्या तशी दुसरीकडे उतरवते. भरलेलं, रिकामं, खोडलेलं असा भेद तिला ठाऊक नाही. कुठून वाचायचं आणि कुठे लिहायचं हे दोन पर्याय उलटे टाकले गेले तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि होतं नव्हतं ते जातं. जाणकार तिला गमतीनं ‘डिस्क डिस्ट्रॉयर’ म्हणतात ते उगाच नाही.

ही कल्पना घरातल्या कॉम्प्युटरपर्यंत पोचली ती घोस्टमुळे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या बायनरी रिसर्च कंपनीसाठी मरे हॅझर्ड यांनी ते १९९५ मध्ये लिहिलं. घोस्टला फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर कुठली फाइल कुठे आहे याची मांडणी, कळायची. डिस्क १ जीबीची आणि भरलेली फक्त ३०० एमबी असेल तर ते तेवढंच उचलायचं, दाबून लहान करायचं आणि वेगळ्या आकाराच्या डिस्कवरही नीट बसवायचं. मुळात हे घरासाठी नव्हतंच. एकसारखी ५० मशीन उभी करायची असतील तर प्रत्येकावर विंडोज, ड्रायव्हर, ऑफिस घालत बसण्यापेक्षा एक मशीन तयार करून बाकीच्यांवर छापा मारायचा, हे त्याचं काम. १९९८ मध्ये सिमँटेकनं ते विकत घेतलं आणि ‘नॉर्टन घोस्ट’ या नावानं ते सगळीकडे गेलं. दर सहा महिन्यांनी विंडोज ९८ नव्यानं घालण्याचा तो काळ. त्यामुळे घरगुती गिऱ्हाईक शोधत जावं लागलं नाही.

ज्यांनी ते वापरलंय त्यांच्या बोटांना अजून तो क्रम आठवत असेल. फ्लॉपी घालायची, डॉसमध्ये मशीन सुरू करायचं, माऊस चालला तर ठीक, नाहीतर बाणांच्या कळा. लोकल, पार्टिशन (सी, डी असा डिस्कचा एक भाग), टू इमेज. परत आणताना लोकल, पार्टिशन, फ्रॉम इमेज. फाइल २ जीबीच्या पुढे गेली की तिचे तुकडे व्हायचे. आणि या मेनूत एक खड्डा होता: ‘पार्टिशन’च्या बरोबर वर ‘डिस्क’ लिहिलेलं असायचं. घाईत तिथे एंटर दाबला की सी ड्राइव्ह परत आणायला बसलेला माणूस डी ड्राइव्हसुद्धा घालवून उठायचा. सूचनेची चौकट यायची, पण तिसऱ्यांदा ‘येस’ दाबताना कोण वाचतं?

तरी घोस्टची एक गोष्ट आजच्या देखण्या सॉफ्टवेअरमध्ये सहसा होत नाही: प्रत निघत असताना विंडोज बंद असायचं. डिस्कवर दुसरं कुणीच लिहीत नसायचं. पुढे लोकांना हे नकोसं झालं. काम थांबवून, मशीन बंद करून तासभर बसायला कुणाला वेळ आहे? मग चालू विंडोजचीच इमेज काढायची धडपड सुरू झाली. अडचण उघड आहे. वर्गात हजेरी घ्यावी आणि मुलं दर मिनिटाला जागा बदलत राहावीत, तशी ती प्रत होणार. त्यावर तोडगा असा: ठरल्या क्षणी रेघ ओढायची, त्यानंतर एखादा तुकडा बदलू लागला तर आधी त्याची जुनी नक्कल बाजूला ठेवायची, मगच नवं लिहू द्यायचं. इमेज काढणाऱ्याला मात्र रेघ ओढतानाचं चित्रच दिसत राहतं. २००१ मध्ये विंडोज एक्सपीबरोबर आलेल्या व्हॉल्यूम शॅडो कॉपीनं ही सोय विंडोजमध्येच केली. आज घरगुती वापराची बहुतेक सॉफ्टवेअर तिच्यावरच उभी आहेत, त्यामुळे ‘आमचं तंत्र वेगळं’ या जाहिरातीला फारसं महत्त्व देऊ नये.

याच सुमारास घोस्टचाही अवतार बदलला. सिमँटेकनं २००३ मध्ये पॉवरक्वेस्ट ही प्रतिस्पर्धी कंपनी घेतली आणि २००४ च्या घोस्ट ९ मध्ये त्यांच्या ड्राइव्ह इमेजचं इंजिन बसवलं. नाव तेच, आतला प्राणी दुसरा, फाइलचा प्रकारही नवा. जुन्या इमेज नव्या घोस्टला आपल्या वाटेनात. हा प्रसंग लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण तो पुढे पुन्हा पुन्हा घडला.

आता दुसरं घराणं, मागे जाणाऱ्यांचं. अमेरिकेतल्या वाइल्ड फाइल या छोट्या कंपनीचं गोबॅक १९९०च्या दशकाच्या अखेरीस आलं. ते डिस्कचा एक भाग इतिहासासाठी राखून ठेवायचं आणि डिस्कवर होणारं प्रत्येक लेखन टिपायचं. काही बिघडलं की मशीन सुरू होतानाच कळ दाबायची आणि ‘काल दुपारी’ निवडायचं. त्या काळी ही जादूच होती. कंपनी आधी अडॅप्टेककडे गेली, मग ते उत्पादन रॉक्सिओकडे, मग सिमँटेककडे, आणि विंडोज व्हिस्टा आल्यावर मागेच राहून गेलं.

मायक्रोसॉफ्टनं २००० मध्ये विंडोज एमईत सिस्टीम रिस्टोअर दिलं. त्याचा आरंभच मजेशीर. ८ सप्टेंबर २००१ नंतर घेतलेले रिस्टोअर पॉइंट (मागे जाण्यासाठी जपलेल्या अवस्था) वापरताच येत नव्हते, आणि त्यासाठी कंपनीला वेगळी दुरुस्ती काढावी लागली. विमा उतरवलेला असावा आणि कागदावरची तारीखच उलटून गेलेली असावी, तसला प्रकार. एक्सपीत ते सुधारलं, व्हिस्टात शॅडो कॉपीवर आलं. पण त्याच मशीनवर दुसऱ्या पार्टिशनमध्ये एक्सपी ठेवून ते एकदा सुरू केलं की व्हिस्टाचे सगळे रिस्टोअर पॉइंट पुसले जायचे. विंडोज १० मध्ये तर ही सोय अनेक मशीनवर बंदच आलेली असते. रजिस्ट्रीची, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्याची, आपोआप निघणारी जादा प्रतही १८०३ आवृत्तीपासून थांबवली गेली; फोल्डर आहे, आत शून्य आकाराच्या फायली. गरज पडल्यावरच हे कळतं.

सिस्टीम रिस्टोअर वाईट नाही. बिघडलेला ड्रायव्हर, अडकलेलं इन्स्टॉलेशन यांवर ते अजून माझा पहिला उपाय आहे. फक्त त्याचा आवाका ओळखावा. ते रजिस्ट्री आणि सिस्टीमच्या फायली मागे नेतं, तुमची कागदपत्रं नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या १८०९ अपडेटनं काही लोकांची डॉक्युमेंट्स उडवली आणि मायक्रोसॉफ्टला तो अपडेट मागे घ्यावा लागला. तेव्हा रिस्टोअर पॉइंट असलेले लोकही हात चोळत बसले होते.

गोबॅकच्या वंशातली, डिस्कच्या सेक्टरखाली जाऊन बसणारी सॉफ्टवेअर मात्र वेगळी जात आहे. रोलबॅक आरएक्स, आता बंद झालेलं कोमोडो टाइम मशीन, आणि शाळा-सायबर कॅफेंत गाजलेलं डीप फ्रीझ हे याच कुळातले, जरी डीप फ्रीझचा हेतू निराळा: दर वेळी मशीन सुरू केलं की कालचं सगळं विसरायचं. मायक्रोसॉफ्टनंही स्टेडीस्टेट नावानं असं काही फुकट दिलं होतं, विंडोज ७ साठी ते आलंच नाही. या सगळ्यांत नवं लेखन डिस्कवर भलतीकडे वळवलं जातं आणि कुठलं कुठे गेलं याचा नकाशा त्या सॉफ्टवेअरकडेच असतो. नकाशा आहे तोवर काही सेकंदांत मागे जाता येतं. नकाशा गेला की काय होतं ते मी एका नातेवाइकाच्या मशीनवर पाहिलंय. सॉफ्टवेअरचं नाव घेत नाही. रात्री विंडोजचा मोठा अपडेट झाला, सकाळी काळ्या पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकत होता. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं तर डिस्क दिसली, फोल्डर दिसले, सगळं जागच्या जागी. फक्त सगळ्या फायली तीन आठवड्यांपूर्वीच्या. त्यानंतरचं सारं डिस्कवर कुठेतरी होतंच, पण कुठे, हे सांगणारा उरला नव्हता. आणि हाच पेच बाहेरून इमेज काढणाऱ्यालाही पडतो. त्याला तळाचा थरच दिसतो.

एसएसडी आल्यावर या जातीची अडचण वाढली. विंडोज ७ पासून फाइल खोडली की ‘ही जागा आता मोकळी’ असा ट्रिमचा निरोप डिस्कला जातो. तो निरोप पुढे जाऊ दिला तर जुने स्नॅपशॉट (जपलेल्या जुन्या अवस्था) पुसले जातील, अडवला तर एसएसडी हळूहळू मंदावेल. मॅकवर २०१७ नंतर एपीएफएस, लिनक्सवर बीटीआरएफएस, त्याआधी सनचं झेडएफएस यांत हा प्रश्न असा उद्भवत नाही. तिथे फाइल सिस्टीमलाच स्नॅपशॉट कळतो, कुठली जागा अजून लागणार आहे हे तिला माहीत असतं. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टीमच्या पायाखाली बोगदा खणून तेच करायचं म्हणजे दर मोठ्या अपडेटला छत टिकेल का, ही धास्ती. म्हणून घरच्या मुख्य मशीनवर मी ही सॉफ्टवेअर घालत नाही. प्रयोगाच्या मशीनवर खुशाल घाला.

फायली अडकवून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरनं उरलासुरला भ्रमही घालवला. मे २०१७ च्या वॉनाक्रायनं फायली कुलूपबंद करताना शॅडो कॉपीही पुसून टाकल्या. त्याच डिस्कवरचं जुनं हे चोरालाही त्याच दारातून सापडतं. तेव्हा इमेज हवीच, आणि ती एरवी मशीनला न जोडलेल्या डिस्कवर.

मग कुठलं घ्यावं? नावांचा इतिहास इथे कामाला येतो. नॉर्टन घोस्ट ३० एप्रिल २०१३ ला बंद झालं. ॲक्रॉनिस ट्रू इमेजचं नाव २०२१ मध्ये बदललं, पुढे तेच परत आलं. त्याआधीच फाइलचा प्रकारही टिबचा टिबएक्स झाला होता. वर्षानुवर्षं सगळे ज्याचं नाव घ्यायचे त्या मॅक्रियम रिफ्लेक्टच्या फुकट आवृत्तीला १ जानेवारी २०२४ पासून सुरक्षा अपडेट मिळणं थांबलं. विंडोजचा स्वतःचा इमेज काढणारा प्रोग्राम मायक्रोसॉफ्टनं २०१७ मध्येच मोडीत निघालेल्यांच्या यादीत टाकला, तरी तो विंडोज ११ मध्येही ‘बॅकअप अँड रिस्टोअर, विंडोज ७’ या पाटीखाली बसलेला आहे. क्लोनझिला तैवानमधून येतं, मुक्त आहे, रूपानं रुक्ष आहे आणि टिकून आहे.

यावरून मी एक पाहतो: कंपनी गेली तरी इमेज उघडेल का? विंडोजची इमेज व्हीएचडीएक्स या प्रकारात असते, ती विंडोज ८ किंवा त्यानंतरच्या दुसऱ्या कुठल्याही विंडोजवर ड्राइव्हसारखी जोडून आतली फाइल काढता येते. बाकीच्यांच्या बाबतीत मी इमेजशेजारीच त्या आवृत्तीच्या रेस्क्यू पेनड्राइव्हची (विंडोज चालत नसताना मशीन ज्यावरून सुरू करायचं त्याची) आयएसओ फाइल ठेवतो. इंटरनेट नसताना, परवाना संपलेला असताना ती चालली पाहिजे. वर्गणी संपल्यावर परत आणायचं बटण चालतं का, हे विकत घेण्याआधी विचारावं.

रेस्क्यू पेनड्राइव्ह हा खरा कस आहे, आणि तो बहुतेकजण बनवून ड्रॉवरमध्ये टाकतात. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडी) व्हीएमडी नावाच्या नियंत्रकामागे असते. पेनड्राइव्हवर त्याचा ड्रायव्हर नसेल तर प्रोग्राम झोकात उघडतो, इमेज सापडते, आणि ती जिच्यावर बसवायची ती डिस्कच यादीत नसते. दुसरा अडथळा बिटलॉकरचा, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीचा. नव्या लॅपटॉपवर तो आपोआप सुरू झालेला असतो आणि मालकाला पत्ताही नसतो. त्याची ४८ आकडी किल्ली कागदावर लिहून ठेवा, कारण ती मागितली जाते तेव्हा ती ज्यात साठवली ते मशीन बंद असतं. चालू विंडोजमधून काढलेली इमेज मात्र सहसा उघड्या डेटाचीच असते, म्हणजे बाहेरची डिस्क हरवली तर सगळंच उघडं. इमेजला वेगळा पासवर्ड द्यावा.

‘व्हेरिफाय’ची हिरवी खूण पाहून थांबू नका. फाइल लिहिली तशी वाचता येते, एवढंच ती सांगते. विंडोज सुरू होईल का, हे तिला विचारलेलंच नसतं. माझ्याकडे १२० जीबीची एक जुनी एसएसडी फक्त याच कामाला ठेवलेली आहे. नवं सॉफ्टवेअर घेतलं की त्यावर इमेज उतरवायची, मूळ डिस्क काढून ती लावायची आणि मशीन एकदा सुरू करून पाहायचं. विंडोजचा स्वतःचा प्रोग्राम इथे पहिल्याच पायरीला नकार देतो. मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्क त्याला चालत नाही, आत ६० जीबीच भरलेले असले तरी. घोस्ट हे डॉसच्या फ्लॉपीवरून करायचं.