उसाचा दर आणि जिनिव्हाचा हिशेब : पार्श्वभूमी

जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दर मागायचा, मग उसाची वाहनं अडवायची, मग तोडगा काढायचा. कोल्हापूरचा हंगाम बहुतेक वेळा असाच सुरू होतो. भारताच्या ऊसदराविरुद्ध ब्राझीलने जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेकडे, तक्रार केली; तो या भांडणात कुठून आला, ते कळायला १९९५ पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी १ जानेवारीला जागतिक व्यापार संघटनेचा शेती करार लागू झाला. विकसनशील देशाने एका पिकाला दिलेला आधार त्या पिकाच्या उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांच्या आत असावा, अशी त्यात अट. खरी मेख हिशेबात आहे. सरकारने ठरवलेला आजचा दर १९८६-८८ च्या सरासरी दराशी ताडला जातो आणि मधला फरक आधार म्हणून मोजला जातो. मधल्या काळात खत, डिझेल, मजुरी कुठल्या कुठे गेली, तरी ती महागाई आपोआप वजा होत नाही.

कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर केंद्र ठरवतं; २००९ मध्ये त्यासाठीची एसएमपी (वैधानिक किमान किंमत) जाऊन एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) आली. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यासाठी (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) क्विंटलला ३५५ रुपये आणि वरच्या दर ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये. उतारा १२.२५ धरला, तर वरचे २० टप्पे, म्हणजे ६९.२० रुपये. टनाला झाले ४,२४२; त्यातून तोडणी-ओढणी वजा. १४ दिवसांत पैसे दिले नाहीत तर १५ टक्के व्याज. हे पैसे कारखाना देतो, सरकार नव्हे. भारताने जिनिव्हात हाच मुद्दा मांडला.

तिथवर प्रकरण नेलं २०१७-१८ च्या विक्रमी साखरेने. भाव कोसळले, एफआरपी थकली. केंद्राने जून २०१८ मध्ये साखरेचा किमान विक्री दर किलोला २९ रुपये ठरवला, फेब्रुवारी २०१९ मध्ये तो ३१ केला आणि निर्यातीला पैसे दिले. पण इथे एक वेगळीच अडचण झाली. साखर बँकेकडे तारण. निर्यातीचा दर तारणाच्या मूल्यांकनाखाली, त्यामुळे फरक कोण भरणार ते ठरेपर्यंत बँक गोदामाचं कुलूप काढेना. दिल्लीने अनुदान जाहीर केलं, पोती मात्र जागेवरच!

ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी २०१९ मध्ये तक्रार केली. १४ डिसेंबर २०२१ चा निकाल भारताविरुद्ध गेला : दर सरकारने ठरवला की तो आधारच, पैसे कुणाच्याही खिशातून जावोत. भारताने जानेवारी २०२२ मध्ये अपील केलं. अपील ऐकणारं मंडळ डिसेंबर २०१९ पासूनच सदस्यांअभावी बंद, म्हणून निकाल लटकला. आमच्या मते भारताला मिळालेली ही उसंत आहे, विजय नव्हे.

गंमत अशी की जागतिक बाजाराचा खरा फायदा अनुदान थांबल्यावर दिसला. २०२१-२२ मध्ये अनुदानाविना सुमारे ११० लाख टन साखर बाहेर गेली आणि एफआरपी भागवणं सोपं झालं. लगेच देशातल्या महागाईच्या धास्तीने १ जून २०२२ पासून निर्यात परवान्याखाली आली. २०२३-२४ मध्ये निर्यातीचा कोटाच नव्हता. पुढच्या हंगामात १० लाख टन मिळाला, तोही जानेवारीत. निर्यातीसाठी कच्ची साखर करायची तर कारखान्याला हंगामाच्या सुरुवातीलाच ठरवावं लागतं, कारण पोत्यांत भरलेली पांढरी साखर पुन्हा कच्ची होत नाही. शिवाय एप्रिलमध्ये ब्राझीलचं गाळप सुरू झालं की गिऱ्हाईक तिकडे वळतं.