लंगोटाचा खरा हिशेब धुण्यात आहे

एक कोरा डायपर कात्रीने मधोमध कापा आणि मोठ्या कागदावर हलकेच झाडा. पिंजलेल्या लगद्यातून साखरेसारखे पांढरे कण खाली पडतील. चिमूटभर कण पेल्यात घेऊन वर थोडं पाणी ओता. बघता बघता त्यांची जेली होते, पेला उपडा केला तरी थेंब सांडत नाही. आता त्यावर मीठ भुरभुरवा. जेली सैल पडते आणि पाणी सुटायला लागतं.

हे कण सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे. त्याच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या जागोजागी एकमेकींना बांधलेल्या असतात आणि त्यांच्यासोबत सोडियमचे आयन असतात. आत क्षार जास्त आणि बाहेर कमी, म्हणून परासरणाने पाणी आत ओढलं जातं. बाहेरच्या पाण्यातच मीठ असेल तर ही ओढ कमी होते. म्हणूनच शुद्ध पाणी स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट शोषणारा हा पदार्थ लघवी मात्र तीस ते पन्नास पटच धरतो. तरी बाळासाठी तेवढं पुरतं, कारण वर बसलं तरी जेली ओल सोडत नाही.

सुती कापडाला हे जमत नाही. त्यात बरंचसं पाणी धाग्यांमधल्या बारीक फटींत केशाकर्षणाने शिरून बसतं आणि दाब पडला की बाहेर येतं. त्यामुळे कापडी लंगोट जास्त वेळा बदलावा लागतो, आणि हे आधीच मान्य केलेलं बरं. कारण पुरळ उठतं ते ओल आणि शी-शू एकत्र साचून राहिल्याने. लघवीतल्या युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात, त्वचेवरची आम्लता कमी होते, आणि अशा वातावरणात शीमधली पाचक विकरं जास्त जोमाने काम करून त्वचाच पोखरू लागतात. शी झाली की लगेच बदलायचं, मग लंगोट असो की डायपर.

पर्यावरणासाठी कापडच चांगलं, असं आपण गृहीत धरतो. ब्रिटनमध्ये २००८ साली सरकारी पातळीवर झालेल्या एका अभ्यासाने मात्र अनेकांना विचारात पाडलं. एका बाळाच्या अडीच वर्षांच्या डायपरमुळे होणारं उत्सर्जन सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं भरलं आणि कापडी लंगोटांचं सुमारे ५७० किलो! पण त्याच अहवालातला पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. मशीन पूर्ण भरून धुतलं, लंगोट नेहमी दोरीवर वाळवले आणि तेच दुसऱ्या बाळाला वापरले, तर कापडाचा आकडा ४० टक्क्यांनी खाली येतो. २०२३ साली तिथेच नव्याने झालेल्या आकडेमोडीत तर कापडी लंगोटांचं उत्सर्जन डायपरपेक्षा साधारण २५ टक्क्यांनी कमी निघालं. डायपरचं बहुतेक उत्सर्जन तो बनवतानाच होऊन गेलेलं असतं, त्यात घरी बसून आपल्याला काही करता येत नाही. लंगोटाचं बरंचसं उत्सर्जन पाणी तापवण्यात आणि ड्रायरमध्ये होतं, म्हणजे ते आपल्या हातात आहे.

म्हणून धुण्याबद्दल थोडं सविस्तर. नव्या सुती कापडावर कापसाचं नैसर्गिक मेण शिल्लक असू शकतं, त्यामुळे पहिल्या काही धुण्यांपर्यंत ते पाणी नीट शोषत नाही. लंगोट गळतो म्हणून निराश होणारे पालक बरेचदा इथेच हार मानतात, याचं वाईट वाटतं. दुसरी चूक फॅब्रिक कंडिशनरची. कापड मऊ लागतं ते धाग्यांवर बसलेल्या स्निग्ध थरामुळे, आणि तोच थर पाणी अडवतो. पुरळाच्या दाट मलमांचंही तसंच. शंका आली तर वाळलेल्या लंगोटावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. तो मोत्यासारखा वरच थांबला तर कापडावर थर बसला आहे. कंडिशनर बंद करून गरम पाण्यात, पुरेशी पावडर घालून धुवा आणि भरपूर पाण्यात खळबळा. शीचा लंगोट मात्र आधी थंड पाण्याखाली धरायचा, कारण गरम पाण्याने शीमधली प्रथिनं धाग्यात घट्ट बसतात.

राहता राहिला तो पिवळा डाग. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पिवळी दिसते ती मुख्यतः बिलिरुबिनमुळे. हे तेच रंगद्रव्य, जे रक्तात वाढलं की नवजात बाळाला कावीळ होते. त्यावर उपचार म्हणून बाळाला निळ्या प्रकाशाखाली ठेवतात, कारण प्रकाशाने बिलिरुबिनच्या रेणूची रचना बदलते. दोरीवरच्या लंगोटावरही प्रकाश याच रेणूवर काम करत असतो. धुऊन पिळलेला लंगोट ओला असतानाच, डागाची बाजू उन्हाकडे करून वाळत घाला. संध्याकाळी काढायला जाल तेव्हा डाग कुठे होता हे शोधावं लागेल.