साउथॅम्प्टनचा प्रश्न, पुण्याजवळची सहा गावं आणि बी-१२

इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११पासून सुईणी घरोघरी जाऊन बाळांची वजनं वहीत टिपत. साउथॅम्प्टन विद्यापीठातले डेव्हिड बार्कर यांनी या वह्या पुन्हा उघडल्या. जन्मतः कमी वजनाच्या मुलांना पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असतो, हे त्यांनी १९८९मध्ये मांडलं.

मग भारतात काय? त्याच विद्यापीठाच्या कॅरोलिन फॉल आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत काम सुरू केलं. बायकांना दिवस राहण्याआधीपासूनच नोंदी ठेवायच्या, हे या अभ्यासाचं वेगळेपण. इथली बाळं सरासरी २.७ किलोची, साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. मोजमापाची पद्धत दोन्हीकडे एकच, म्हणून तुलना पक्की झाली. बाळाच्या खांद्याच्या फऱ्याखालची त्वचा चिमट्यात धरून जाडी मोजली, तर तिथली चरबी जवळपास इंग्रज बाळांइतकीच! हातपाय काटकुळे, पोट लहान, पण चरबी राखलेली. विद्यापीठाचा खरा वाटा मला या काटेकोर मोजमापात दिसतो.

पुढचं उत्तर मात्र गावातल्या ताटाने दिलं. आईने एकूण किती खाल्लं, किती प्रथिनं घेतली, याचा बाळाच्या आकाराशी संबंध लागेना. संबंध लागला तो पालेभाजी, फळं आणि दूध यांच्याशी. म्हणजे जीवनसत्त्वं, खनिजं अशा सूक्ष्म पोषकद्रव्यांशी.

गरोदरपणात घेतलेलं रक्त गोठवून जपून ठेवलं होतं. ते नंतर तपासलं, तेव्हा साठ टक्क्यांहून जास्त बायकांमध्ये बी-१२ कमी निघालं. हे जीवनसत्त्व वनस्पती बनवत नाहीत. मांस-मासे-अंडी वर्ज्य किंवा परवडत नाहीत, आणि दूध चहापुरतंच, अशा घरात ते यायचं कुठून? फॉलिक आम्ल मात्र सरकारी गोळ्यांतून भरपूर मिळत होतं. ज्या आईच्या रक्तात फॉलेट (गोळीतलं फॉलिक आम्ल हे याचंच रूप) चढं आणि बी-१२ उतरलेलं, तिच्या मुलात सहाव्या वर्षी शरीराने इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेऊ शकणारी, खूण सर्वांत ठळक होती. हे २००८मध्ये प्रसिद्ध झालं आणि निव्वळ लोह-फॉलिकच्या गोळीवर विसंबणं किती अपुरं आहे, ते उघड झालं.

याच सुमारास मुंबईच्या झोपडपट्ट्यांत, साउथॅम्प्टनच्याच सहभागाने, दिवस राहण्याआधीपासून बायकांना रोज एक खाऊ दिला जात होता. एका गटाला पालेभाजी, फळं, दूध घातलेला, दुसऱ्याला बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. सरसकट सगळ्यांत बाळांचं वजन वाढलं नाही. पण दिवस राहण्याच्या तीन महिने आधीपासून पालेभाजीचा खाऊ घेणाऱ्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनी भारी निघाली, आणि त्या गटात गरोदरपणातला मधुमेहही कमी आढळला.

पुण्याजवळच्या गावांत १९९४ ते ९६च्या गरोदरपणांतून जन्मलेली मुलं २०१२मध्ये वयात आलेली होती. त्या मुलामुलींना, त्यांना स्वतःला मूल होण्याआधीच, रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ देण्याची चाचणी तेव्हा सुरू झाली.