टाकीतले चोरटे प्रवासी

जहाजावरचा चोरटा प्रवासी म्हटलं की मालाच्या कोठारात दडलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. गोव्यातल्या मुरगाव बंदरात खनिज भरायला आलेल्या रिकाम्या जहाजात त्याहून कितीतरी जास्त प्रवासी असतात, फक्त ते दिसायला सूक्ष्मदर्शक लागतो.

रिकामं जहाज पाण्यावर फार उंच तरंगतं, पंखा उघडा पडतो. म्हणून निघतानाच टाक्यांत समुद्राचं पाणी घेतात. पूर्वी यासाठी दगड, वाळू भरत. खनिज चढू लागलं की हे बॅलास्ट पाणी बाहेर, आणि त्याबरोबर परक्या बंदरातल्या शिंपल्यांच्या अळ्या, शेवाळं, जिवाणूही. अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यावरचा मायटिलॉप्सिस सॅली हा शिंपला मुंबई आणि विशाखापट्टणमला कधीच स्थायिक झालाय. १९९९ मध्ये तो डार्विनला सापडला, तेव्हा ऑस्ट्रेलियाने बोटींचे धक्के बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतलं.

उपाय साधा वाटतो: किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांवर, किमान २०० मीटर खोल समुद्रात पाणी बदला. पण टाक्या पुऱ्या रिकाम्या केल्या तर उसळत्या समुद्रात जहाजाच्या सांगाड्यावर नको तेवढा ताण येतो. म्हणून एका बाजूने पाणी ढकलत राहतात, जुनं दुसरीकडून ओसंडतं. किती ढकलायचं? टाकीच्या तिप्पट.

तिप्पटच का? बादलीभर सोलकढीत नळ सोडून बघा. ओसंडतं ते निव्वळ सोलकढी नसतं, मिश्रण असतं, म्हणजे नवं पाणीही वाया जातं. बादलीएवढं पाणी ओतल्यावर मूळची सोलकढी ३७ टक्के उरते, दुप्पट ओतल्यावर साडेतेरा, तिप्पट ओतल्यावर पाच. गणितात ई चा उणे तीन घात, ०.०४९८. नियम टाकीतलं ९५ टक्के पाणी बदला म्हणतो, तो आकडा इथून जुळतो. मात्र हे पाणी नीट ढवळलं जातं असं धरून. खऱ्या टाकीत आडव्या-उभ्या पट्ट्या असतात, कोपऱ्यांत पाणी साचून राहतं, तळच्या गाळात शेवाळाच्या कवचबंद पेशी निवांत झोपलेल्या असतात.

म्हणून २०१७ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने पाणी शुद्ध करायची यंत्रणा आणली: आधी गाळणी, मग अतिनील किरण किंवा विजेने मिठाच्याच पाण्यातून केलेलं क्लोरीन. घनमीटरमागे ५० मायक्रॉनपासून पुढचे जिवंत जीव दहापेक्षा कमी हवेत. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत या पाण्यावर बरंच काम झालंय.



कोळसा उतरवणारं जहाज मुरगावलाच पाणी भरतं, आणि पावसाळ्यात तिथली झुआरी नदी गढूळ आणि गोडसर असते. गढूळपणात किरण पोचत नाहीत, गोड्या पाण्यात क्लोरीन पुरेसं बनत नाही. गाळणीही वारंवार तुंबते. तेव्हा परक्या बंदरात उतरणारे चोरटे प्रवासी आपल्याकडचे असतात.