डायनामो स्वतःला आवरतो, मोटर आवरत नाही

पुण्यात बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारली की एकाच पथारीवर या दोन वस्तू शेजारी शेजारी सापडतात. एक म्हणजे सायकलचा जुना डायनामो, बाटलीसारखा, डोक्यावर रेघारेघांची चकती असलेला. दुसरी म्हणजे भंगारातल्या प्रिंटरमधून काढलेली डीसी मोटर. सायकलला इंजिन बसवणारा हौशी माणूस दिव्यासाठी या दोन्हींतलं एक उचलतो, आणि बहुतेक वेळा हातात येईल ते उचलतो. आत चुंबक आहे, तारेचं वेटोळं आहे, फिरवलं की वीज येते, मग फरक काय?

फरक काय ते मला एका संध्याकाळी कळलं. डायनामोचा बुश, म्हणजे आस ज्यात फिरतो ती कडी, खाल्ला गेला होता, म्हणून त्याच क्लॅम्पवर, त्याच लहान चकतीसह मी प्रिंटरची मोटर बसवली. दिवा तोच, ६ व्होल्टचा. गल्लीच्या तोंडापर्यंत पोचायच्या आत बल्ब गेला. नवा लावला, तोही गेला. तिसरा लावायच्या आधी मात्र मल्टिमीटर काढला.

मोटरचं गणित सरळ आहे. तिच्यावर समजा २४ व्होल्ट, ४००० फेरे असं छापलं असेल, तर तीच मोटर बाहेरून मिनिटाला ४००० फेऱ्यांनी फिरवली की साधारण २४ व्होल्ट देते. म्हणजे दर हजार फेऱ्यांना ६ व्होल्ट. आता टायरला घासणारी चकती किती फिरते ते पाहा. चाक २६ इंची असो की २० इंची, टायरचा पृष्ठभाग सायकलच्याच वेगाने धावतो, त्यामुळे चाकाचा आकार इथे मोजायचाच नाही. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. २२ मिलिमीटर व्यासाच्या चकतीचा घेर जवळपास ७ सेंटिमीटर. भागाकार केला की मिनिटाला ७२०० च्या आसपास फेरे येतात, आणि व्होल्ट ४३. दिवा जोडल्यावर थोडे उतरतात, पण ६ व्होल्टच्या बल्बला त्याचा काय दिलासा? पायाने हळू मारलेल्या ताशी १० च्या वेगालाही १४ व्होल्ट निघतात.

मग डायनामोचे बल्ब कसे टिकतात? त्याची चकतीसुद्धा तेवढीच लहान, तेवढीच वेगाने फिरते. मला तरी या साऱ्या भानगडीतली ही सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.

डायनामोमध्ये चुंबक फिरतो आणि वेटोळं जागच्या जागी बसतं. चुंबकाला सहसा आठ ध्रुव असतात, म्हणून चकतीच्या एका फेऱ्यात विजेची दिशा चार वेळा पूर्ण आलटून पालटून येते. ताशी १५ ला सेकंदाला सुमारे २४० आवर्तनं, ३० ला ४८०. ही एसी वीज आहे, आणि लोखंडावर गुंडाळलेलं वेटोळं एसीला अडवतं. आवर्तनं जितकी जास्त, तितकं जास्त अडवतं. वेग दुप्पट झाला की वीज ढकलणारा जोर दुप्पट होतो, आणि अडवणाराही जवळपास दुप्पट होतो. दोघांची बरोबरी होते आणि प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या आसपास थांबतो. ना त्यात रेग्युलेटर, ना इलेक्ट्रॉनिक्स. तांब्याचे वेढे आणि लोखंड अशा मापाने बनवलेले असतात की यंत्र स्वतःच हात आखडता घेतं.

मोटरमध्ये उलटी मांडणी. चुंबक बाहेरच्या कवचाला चिकटलेले, वेटोळं आसाबरोबर फिरणारं, आणि वीज कार्बन ब्रशांतून बाहेर येते. ब्रश ज्यावर घासतात तो कम्युटेटर दिशा पालटू देत नाही, म्हणून बाहेर डीसी मिळते. तिला अडवायला तारेचा किरकोळ रोध सोडला तर काही नसतं. नावातला घोळ इथेच आहे. कम्युटेटर लावून डीसी देणाऱ्या यंत्रालाच जुन्या पुस्तकांत डायनामो म्हणत. १८३२ साली पॅरिसमध्ये हिप्पोलाइट पिक्सीने हाताने फिरवायच्या जनित्राला कम्युटेटर लावला होता. त्या हिशेबाने प्रिंटरची मोटर खरी डायनामो, आणि आपण ज्याला आयुष्यभर डायनामो म्हणत आलो तो छोटा अल्टरनेटर. पण सायकलवाल्याकडे जाऊन अल्टरनेटर मागू नका, तो ट्रकच्या गॅरेजचा पत्ता देईल.

डायनामोच्या आवरण्याला एक दुखरी बाजू आहे. ६ व्होल्ट, ३ वॉटच्या डायनामोवर पुढचा बल्ब २.४ वॉटचा आणि मागचा ०.६ वॉटचा असतो. म्हणजे पुढे ०.४ अँपिअर, मागे ०.१. पुढचा बल्ब उडाला की तो अर्धा अँपिअर जवळजवळ सगळा मागच्या बिचाऱ्यावर येतो आणि तोही पाठोपाठ जातो. जुन्या सायकलींवर दोन्ही दिवे एका रात्रीत जायचे ते यामुळे. दुकानदार म्हणायचे, वायर शॉर्ट झाली. वायरीचा काही दोष नसायचा.

मात्र इंजिनच्या सायकलवर हीच सवय फायद्याची ठरते. बल्ब काढून तीन पांढरे एलईडी एकामागे एक जोडा. अर्धा अँपिअर सोसणारे हवेत, म्हणजे ३ वॉटवाले. १ वॉटवाले ०.३५ अँपिअरपुढे टिकत नाहीत. तिघांना मिळून साडेनऊ व्होल्ट लागतात, वेग मिळाला की डायनामो ते देतो, आणि ३ वॉटच्या डायनामोतून पावणेपाच वॉट निघतात. आधी एसीची डीसी करणारा, चार शॉटकी डायोडांचा (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांचा) ब्रिज हवा, त्यानंतर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. एलईडी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवायचे, नाहीतर तापून मरतात. आणि एक लक्षात ठेवा: डायनामोचं एक टोक त्याच्या बॉडीतून फ्रेमला जोडलेलं असतं. ब्रिजनंतरची मायनस तार पुन्हा फ्रेमला लावलीत, तर निम्मा ब्रिज शॉर्ट होतो.

मोटरच वापरायची असेल तर आधी चकती मोठी करा. खुर्चीचं ५० मिलिमीटरचं रबरी चाक चालतं. मग ताशी ३० ला १९ व्होल्ट आणि ४० ला २५. पुढे एलएम २५९६ चं तयार मॉड्यूल लावून ६ व्होल्ट पक्के करायचे. ते ४० व्होल्टपर्यंत सोसतं. या चाकावर ताशी १२ च्या पुढे दिवा एकसारखा राहतो. सोबत बॅटरीही ठेवली असेल तर मोटर आणि बॅटरी यांच्यामध्ये, मोटरच्या लगेच पुढे, एक डायोड हवाच. तो विसरलात तर सिग्नलला थांबल्यावर बॅटरीच मोटर फिरवायला निघेल आणि मोटर टायर ढकलत बसेल. सायकल मागे ढकलली की मोटरच्या तारांवरचे प्लस-मायनस उलटतात, तेही हाच डायोड सांभाळतो.

हेच मॉड्यूल डायनामोला लावू नका. मोटरचं औषध तिथे विष होतं. दिवा बंद केला, म्हणजे प्रवाह घ्यायला कोणी उरलं नाही, की वेगातल्या डायनामोचे व्होल्ट ४० च्या वर चढू शकतात आणि मॉड्यूल किंवा कपॅसिटर, जो आधी हरेल तो फुटतो. डायनामोचा प्रवाह आवरलेला असतो, व्होल्ट आवरलेले नसतात.

इंजिनवर पडणाऱ्या भाराची चिंता सोडा. टायरवरचा डायनामो ३ वॉट देताना सातआठ वॉट खातो. पायाने शंभरएक वॉट लावणाऱ्याला ते जाणवतं, एक अश्वशक्तीच्या, म्हणजे ७४६ वॉटच्या इंजिनाला नाही. काही इंजिन किटांमध्ये मॅग्नेटोच्या, म्हणजे ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या भागाच्या, कॉइलमधून दिव्यासाठी पांढरी तार निघते. ती मोहक दिसते, पण ठिणगीही त्याच कॉइलवर चालते आणि दिवा लावला की इंजिन अडखळतं. १९७२ च्या लूनाची गोष्ट वेगळी, तिथे दिवा कंपनीनेच हिशेबात धरला होता. रेस दिली की उजळायचा, सोडली की मिणमिणायचा, हे लूना चालवलेल्यांना आठवत असेल.

पावसाळ्यात मात्र दोन्ही घसरतात. ओल्या टायरवर गुळगुळीत चकती नुसती सरकते. मोटरच्या ब्रशांत पाणी गेलं की काळी भुकटी होते आणि ती बंद पडते. डायनामोला ब्रशच नाहीत, त्याचा बुश तेवढा खाल्ला जातो. ताशी ४० ला त्याची चकती मिनिटाला ९६०० फिरते आणि तो पायाच्या वेगासाठी बनवलेला आहे. आठवड्याला तेलाचा एक थेंब, आणि आसाची रेघ चाकाच्या मध्याकडे नेमकी रोखलेली. थोडी तिरकी झाली तरी टायरची बाजू सोलून निघते.

बाजारात हातात घेतलेली वस्तू कोणती, हे कवचावरून नेहमीच ओळखू येतं असं नाही. लाल आणि हिरवा एलईडी उलटसुलट तोंडाने एकमेकांना बांधा, मध्ये ४७० ओहमचा रोध, आणि खिशात ठेवा. चकती तळहातावर जोरात घासा. दोन्ही लुकलुकले तर एसी, म्हणजे डायनामो. एकच पेटला तर मोटर. विक्रेत्याकडे ९ व्होल्टचा सेल असेल तर आणखी सोपं: मोटर गरगरा फिरते, डायनामो एकदा थरथरतो आणि तसाच बसतो. मग विक्रेता म्हणतो, "खराब आहे, निम्म्यात घेऊन टाका." घेऊन टाकायचा.